अगत्याचे येणे करावे

मुंबईत राहणाऱ्यांचा डोंबिवलीकरांबद्दल एक ठाम समज असतो. हा माणूस आठवड्याचे सहा दिवस लोकलच्या दांड्याला लटकतो आणि सातव्या दिवशी झोपतो. यातला पहिला भाग खरा आहे. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून ४८ किलोमीटरवर असलेल्या या स्टेशनात सकाळी गाडीत शिरायला मिळालं, तर माणूस घरी फोन करून कळवतो. दुसऱ्या भागात मात्र काडीचं तथ्य नाही. रविवारी डोंबिवलीकर झोपेल कसा? सकाळी सहाला सायकलवाल्यांची फेरी असते, साडेसातला उद्यानात हास्यक्लब, नऊला सोसायटीत नेत्रतपासणी शिबिर, दहाला ‘ओला कचरा, सुका कचरा आणि आपण’ या विषयावर व्याख्यान, अकराला मुलीची चित्रकला स्पर्धा, चारला ज्येष्ठ नागरिक संघाचा वर्धापनदिन आणि साडेपाचला एकदम पाच कार्यक्रम: एक पुस्तक प्रकाशन, एक अभंगवाणी, एक कीर्तन, एक गुणवंतांचा सत्कार आणि एक एकपात्री प्रयोग. सहावा पावसामुळे पुढच्या रविवारवर ढकललेला असतो आणि पुढच्या रविवारी आधीच सहा असतात.

मग सोमवारी सकाळी ठरलेल्या फास्टमध्ये चौथ्या सीटवर अर्धं अंग टेकवून तो जी काय विश्रांती घ्यायची ती घेतो.

कार्यक्रमांची ही सवय लागली रेल्वेमुळे. गिरगाव, दादर, परळच्या खोल्या मुलांची लग्नं झाल्यावर अपुऱ्या पडू लागल्या, तेव्हा तिथल्या मराठी कुटुंबांनी डोंबिवलीचा रस्ता धरला. भांडीकुंडी, देव्हारा, पाळणा, सगळं आणता आलं. शिवाजी मंदिर आणता आलं नाही. दादरला रात्री साडेआठचं नाटक लावावं तर पडदा पडेपर्यंत शेवटच्या गाडीची धास्ती. तिसऱ्या अंकात नायिका विष घेते की नाही, याहून ‘कर्जत सुटली की आहे’ याची चिंता मोठी. अशी कितीएक नाटकं डोंबिवलीकरांनी अडीच अंकांपर्यंत पाहिली आणि उरलेला अर्धा अंक दुसऱ्या दिवशी गाडीत दुसऱ्याकडून ऐकला. तेव्हा कुणाला तरी सुचलं असावं की आपण गाडी पकडून कार्यक्रमाकडे जाण्याऐवजी कार्यक्रमालाच गाडी पकडून इकडे येऊ द्यावं. तेव्हापासून गायक, वक्ते आणि कीर्तनकार डोंबिवलीच्या दिशेने प्रवास करताहेत आणि निवेदक ‘पाहुणे ठाण्यापर्यंत आलेले आहेत’ अशी घोषणा करताहेत.

रोपटं रुजायला माती होतीच. श्री गणेश मंदिर संस्थान १९२४ साली स्थापन झालेलं. पु. भा. भावे इथे राहत, शं. ना. नवरे इथे राहत. त्यामुळे भाजी घ्यायला गेलेल्या माणसाला मोठा लेखक मेथीची जुडी निवडताना दिसायचा आणि आपणही चार ओळी लिहायला हरकत नाही, असा धीर त्याला यायचा. त्या धीराची फळं पुढे दर रविवारी साडेपाचला प्रकाशित होऊ लागली.

निशिकांत कामतांच्या ‘डोंबिवली फास्ट’ या २००५ सालच्या चित्रपटातल्या माधव आपट्यांची शोकांतिका जाणकार डोंबिवलीकर वेगळ्या पद्धतीने सांगतात. रोजची तीच गाडी, तीच बँक, तोच अन्याय, शेवटी डोकं फिरलं, बॅट उचलली. हे सगळं मान्य. पण आपट्यांना वेळेवर एखाद्या मंडळाच्या कार्यकारिणीवर घेतलं असतं, निदान सहखजिनदार केलं असतं, तर माणूस हातचा गेला नसता. अन्यायाची चीड यायला संध्याकाळी थोडी तरी सवड लागते. ज्याला पंचाहत्तर खुर्च्या, दोन समया आणि एक कॉर्डलेस माइक मिळवायचा आहे, त्याला व्यवस्थेविरुद्ध बंड करायला फुरसत कुठली?

आता प्रश्न असा की एवढे कार्यक्रम होतात, तर ते पाहतं कोण? २०११ च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवली महापालिकेची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास भरली होती, तेव्हा वरवर पाहता प्रेक्षकांना तोटा नसावा. पण या गावात नुसता प्रेक्षक हा प्राणी सापडत नाही. जो तो कशाचा तरी कार्यवाह असतो. जो कार्यवाह नसतो तो गातो, जो गात नाही तो निवेदन करतो आणि ज्याला यातलं काहीच येत नाही त्याला अध्यक्ष करतात. अशा गावात प्रेक्षक मिळवायचे तर एकच उपाय उरतो, तो म्हणजे देवाणघेवाण. लग्नातला आहेर जसा वहीत लिहून ठेवतात आणि तेवढ्याच रकमेचा परत करतात, तशी इथे हजेरी लिहून ठेवलेली असते. फरक इतकाच की ती वही डोक्यात असते आणि वहिनींच्या डोक्यात असते.

गाडीतला संवाद ऐकावा.

“काय हो, येत्या रविवारी काय करताय?”

या प्रश्नाला मोकळेपणाने उत्तर देणारा माणूस डोंबिवलीत नवखा समजावा. मुरलेला माणूस आधी विचारतो, “का हो?”

“काही नाही, आमच्या हिचा भावगीतांचा कार्यक्रम आहे. अगदी घरगुती. तुम्ही दोघं आलात तर बरं वाटेल तिला.”

“अरे वा! पण रविवारी आमच्या साडूच्या प्रवासवर्णनाचं प्रकाशन आहे हो.”

“किती वाजता?”

“साडेपाच.”

“मग झालं! आमचं मध्यंतर सातला. तुम्ही मध्यंतराला या. बटाटेवडा मध्यंतरातच आहे.”

इथे व्यवहार पुरा होतो. सातला येणारा आपल्या साडूच्या सभागृहातून निदान चार माणसं सोबत आणतो. पुढच्या महिन्यात भावगीतवाल्या वहिनी आपलं अख्खं मंडळ घेऊन साडूंच्या दुसऱ्या खंडाच्या प्रकाशनाला जातात. साडूंनी दुसरा खंड लिहिला त्यामागे हिमालयाची ओढ किती आणि ही येणी वसूल करण्याची निकड किती, हे सांगणं कठीण आहे.

निमंत्रणपत्रिका हा या सगळ्यातला सर्वांत काळजीपूर्वक लिहिलेला मजकूर. पुस्तकात शुद्धलेखनाच्या चुका चालतात, पत्रिकेत नावांचा क्रम चुकलेला चालत नाही. अध्यक्ष एकच असतो, पण अध्यक्षपदाची आशा असलेले बरेच असतात, म्हणून मराठीने त्यांच्यासाठी पुरेशी आसनं केली आहेत: प्रमुख पाहुणे, विशेष अतिथी, सन्माननीय उपस्थिती, प्रमुख उपस्थिती, स्वागताध्यक्ष, मार्गदर्शक, आधारस्तंभ आणि प्रेरणास्थान. प्रेरणास्थान बहुधा मंडप आणि खुर्च्या देतं. त्याखाली ठळक अक्षरात ‘कार्यक्रम वेळेवर सुरू होईल’. त्याखाली ‘पहिल्या दोन रांगा राखीव’. आणि सर्वांत खाली, बारीक टायपात, ज्यासाठी पत्रिका शेवटपर्यंत वाचली जाते ते वाक्य: ‘कार्यक्रमानंतर अल्पोपहाराची व्यवस्था केली आहे.’ बारीक टायपातलं वाक्य कधीही वगळू नये, हे विमा कंपन्यांइतकंच डोंबिवलीकरालाही पक्कं ठाऊक असतं.

पूर्वी ही निमंत्रणं चौकातल्या फळ्यावर खडूने लिहिली जात. अक्षर घोटीव, कोपऱ्यात वेलबुट्टी, आणि दुपारी कुणीतरी पाठ टेकल्यामुळे वक्त्याचं आडनाव अर्धं पुसलेलं. फ्लेक्स आला आणि वक्त्याचं नाव पुसलं जाण्याचा प्रश्न मिटला, कारण ते आता मुळात मावेना. फ्लेक्सवर वर मोठे नेते, डावीकडे मधले नेते, उजवीकडे होतकरू नेते, खाली हात जोडलेले भावी नगरसेवक आणि त्यांच्या मित्रपरिवाराचे वीस चेहरे. या सगळ्यांतून नजर काढत काढत खाली आलं की समजतं, शास्त्रीय गायन आहे. बेकायदा फलकबाजीवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१७ साली सविस्तर निकाल दिला, त्यानंतरही वेळोवेळी कान उपटले. परिणाम झाला. आता ‘फ्लेक्स लावू नका’ असं आवाहन करणाऱ्या जनजागृती कार्यक्रमाचाही फ्लेक्स लागतो, फक्त तो थोडा उंचावर लागतो.

खुद्द कार्यक्रम कुठलाही असो, त्याची सुरुवात ‘हॅलो, हॅलो, चेक’ या नांदीने होते. साडेपाचची वेळ असते. सहा वाजता सभागृहात बारा माणसं असतात, पैकी नऊ कार्यकर्ते आणि तीन सत्कारमूर्तीचे नातेवाईक. हे तिघे पहिल्या रांगेत बसलेले असतात, त्यांना उठवून तिसऱ्या रांगेत बसवलं जातं. सव्वासहाला अचानक पाऊणशे माणसं येतात, कारण शेजारच्या सभागृहातलं आभारप्रदर्शन तेव्हाच संपतं.

मग दीपप्रज्वलन. समईत वाती पाच आणि मंचावर पाहुणे सात. सहाव्या आणि सातव्या पाहुण्याने काय करायचं, याचा निर्णय कुठल्याही नियोजनात घेतलेला नसतो. ते दोघे पेटलेल्याच वातीला पुन्हा मेणबत्ती लावतात आणि फोटोसाठी तशीच धरून ठेवतात. दरम्यान ‘पंखा बंद करा’ असा पुकारा होतो. पंख्याचं बटण हॉलच्या शिपायालाच माहीत असतं आणि शिपाई चहा सांगायला गेलेला असतो. एक तरुण कार्यकर्ता अंदाजाने बटणं दाबू लागतो, त्यात एकदा सगळे दिवे जातात, एकदा माइक जातो आणि शेवटी पंखा जातो तेव्हा टाळ्या पडतात. संध्याकाळच्या या पहिल्या टाळ्या असतात आणि पुष्कळदा सर्वांत उत्स्फूर्तही.

पाहुण्यांना आता पुष्पगुच्छ देत नाहीत, पर्यावरण आडवं येतं. त्याऐवजी रोप देतात. विचार स्तुत्य आहे. पण दादरहून आलेला एखादा वृद्ध समीक्षक रात्री साडेनवाच्या गाडीत चढतो, तेव्हा त्याच्या एका हातात काठी, दुसऱ्या हातात शाल-श्रीफळाची पिशवी आणि काखेत कडीपत्त्याचं रोप असतं. कुंडीतलं पाणी शेजाऱ्याच्या पँटवर ठिबकत असतं. शेजारी तोंड उघडणार, इतक्यात त्याची नजर रोपाला अडकवलेल्या चिठ्ठीवर जाते. ‘सस्नेह भेट’, खाली मंडळाचं नाव. तो निमूटपणे सरकून जागा देतो. त्याच्याही घरी दोन कडीपत्ते आणि एक सोनचाफा आहे.

सूत्रसंचालिका या सर्वांना बांधून ठेवते. तिच्या हातात कार्डांचा गठ्ठा असतो, प्रत्येक कार्डावर एक चारोळी, आणि दोन गाण्यांच्या मध्ये ती जे बोलते ते दोन्ही गाण्यांच्या एकत्रित वेळेपेक्षा किंचितच जास्त असतं. आभारप्रदर्शन सर्वांत लांबतं. जगात इतरत्र आभार सुरू झाले की माणसं उठतात. डोंबिवलीत उठत नाहीत. वड्याचा डबा आयोजकांनी आभारांच्या पलीकडे ठेवलेला असतो आणि तो कुठे ठेवलाय हे सभागृहातल्या शेवटच्या माणसालाही वासावरून कळलेलं असतं. ज्यांनी मंडप दिला, ज्यांनी सतरंजी दिली, ज्यांनी सतरंजी देतो म्हणून दिली नाही पण भावना चांगली होती, अशा सर्वांची नावं शांतपणे ऐकून घेतली जातात.

हे झालं घरडा सर्कलजवळच्या सावित्रीबाई फुले कलामंदिरातलं किंवा एखाद्या छोट्या सभागृहातलं. मैदानातल्या कार्यक्रमांना मात्र एक गोष्ट वेळेवर संपवते, ती म्हणजे २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम. रात्री दहाला ध्वनिक्षेपक बंद. वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस सरकार ही मुदत बारापर्यंत वाढवू शकतं, पण ते दिवस गणपती-नवरात्रातच खर्ची पडतात. त्यामुळे पावणेदहाला निवेदक गायकाच्या कानाशी लागतो आणि विलंबित लयीत निवांत चाललेला राग पाच मिनिटांत थेट भैरवीच्या दारात येऊन उभा राहतो. जाणकारांच्या मते अलीकडे काही गायक डोंबिवलीसाठी वेगळी तालीम करतात.

तर येत्या वर्षात काय काय आहे?

श्रावणात मंगळागौरीच्या स्पर्धा. त्यांची तालीम आषाढातच गच्चीवर सुरू होते. फुगडी, पिंगा, सूपनाच, लाट्या बाई लाट्या, सगळं संगीतावर बसवलेलं, शिवलेली नऊवारी सर्वांची एकाच रंगाची, आणि नऊवारीच्या आत सर्वांच्या गुडघ्याला एकाच दुकानातला पट्टा. नवरेमंडळी मोबाइल धरून समोर उभी. “पूर्ण ग्रुप येऊ दे, मला एकटीला घेऊ नकोस,” असं प्रत्येक बायको आपापल्या नवऱ्याला सांगते आणि घरी आल्यावर “मी कुठेय यात?” म्हणून विचारते.

गणपतीत सोसायट्यांच्या स्पर्धा. पाककला स्पर्धेचा विषय दरवर्षी अधिक अवघड होत गेला आहे. आधी ‘उपवासाचे पदार्थ’ होता, मग ‘बिनतेलाचे’, मग ‘भरडधान्याचे’. आता बिनतेलाचा, बिनसाखरेचा, ज्वारीचा केक मांडला जातो आणि परीक्षक तो चाखून बराच वेळ काही बोलत नाहीत. निकालात पहिला, दुसरा, तिसरा आणि मग उत्तेजनार्थ, उत्तेजनार्थ, उत्तेजनार्थ. ही परंपरा दूरदृष्टीची आहे. बक्षीस न मिळालेलं कुटुंब पुढल्या वर्षी वर्गणी देताना जिना उतरायला फार वेळ घेतं.

दिवाळीत किल्ले. फ्लॅटच्या संस्कृतीत अंगण उरलं नाही, म्हणून राजगड दोन मोटारींच्या मध्ये उभा राहतो. बुरुजाच्या खाली कुणाच्या तरी स्कूटरचा स्टँड येतो आणि दर सकाळी ऑफिसला निघालेला सरदार गडाची पद्मावती माची हलकेच सरकवून वाट काढतो. हळीव पेरून केलेली हिरवळ, पिठाच्या गिरणीतून आणलेल्या पोत्यांचे डोंगर, पंपाने चढवलेलं पाणी. रात्री परीक्षक टॉर्च घेऊन येतात. “बाळ, हा दरवाजा कुठला?” बाळ बाबांकडे बघतं. बाबा ओठांनी ‘पाली, पाली’ करतात. परीक्षकांना हे दिसतं, पण त्यांच्याही मुलाचा किल्ला दुसऱ्या गटात असतो.

आणि दिवाळीचा मुख्य कार्यक्रम, ज्याला अध्यक्ष नाही, पत्रिका नाही, आयोजकही नाही: पहिल्या आंघोळीनंतर फडके रोड. अभ्यंग आटोपून, नवे कपडे घालून, गणपतीचं दर्शन घ्यायला म्हणून गावातली तरुणाई स्टेशनपासून मंदिराकडे जाणाऱ्या या रस्त्यावर लोटते. दर्शन पाच मिनिटांचं, बाकीचं रस्त्यावर. कोण कुणाशी बोलत उभं आहे, हे घरच्यांना समजायला फराळाचं ताट वाढेपर्यंतचा अवधी पुरतो, कारण त्याच रस्त्यावर तीस वर्षांपूर्वी आई-बाबाही असेच दर्शनाला आले होते आणि त्यांचे तेव्हाचे मित्र अजून तिथेच उभे असतात. बाजूला दिवाळी पहाटेचं गाणं चालू असतं. दिवाळी पहाट महाराष्ट्रात रुजवणाऱ्यांमध्ये ‘चतुरंग प्रतिष्ठान’चं नाव आधी घेतलं जातं आणि चतुरंगची शाखा डोंबिवलीत असावी, हे ओघानेच आलं. पहाटे साडेपाचला नटूनथटून हजर राहायला रोजची गाडी पकडणाऱ्या गावाला वेगळी सवय लावावी लागत नाही.

थंडी पडली की महोत्सवांचा हंगाम. आगरी महोत्सवात तांदळाच्या भाकरीचा आणि तळलेल्या मासळीचा घमघमाट क्रीडासंकुलाबाहेरपर्यंत येतो. डोंबिवली मुळात आगऱ्यांचं गाव आहे, ब्लॉकवाले नंतर आले, ही गोष्ट ब्लॉकवाल्यांना वर्षातून एकदा या वासाने आठवते. त्यात पक्के शाकाहारी असलेले काकाही “फक्त लोककला बघायला” म्हणून जातात आणि रात्री काकूंना “बाहेरचं काही खाल्लं नाही” असं विचारण्याआधीच सांगून मोकळे होतात.

पुस्तकांच्या बाबतीतही या गावाने देवाणघेवाणीचाच मार्ग धरला. पुंडलिक पै यांच्या फ्रेंड्स लायब्ररीने पुस्तक आदान-प्रदान सोहळा सुरू केला. आपण वाचलेलं पुस्तक आणायचं, दुसऱ्याने वाचलेलं न्यायचं. पिशव्या भरभरून माणसं येतात. यातून वाचनसंस्कृती वाढते हे खरंच, पण स्थानिक कवींच्या काळजाला घोर लागतो. आपल्या हाताने ‘प्रिय मित्रास, सस्नेह’ लिहून दिलेला संग्रह टेबलावर, पान न दुमडलेला, चकचकीत अवस्थेत पडलेला दिसण्याची शक्यता असते. असे कवी सोहळा उघडण्याआधी येतात, टेबलांवरून नजर फिरवतात, आपलं पुस्तक उचलतात आणि बदल्यात त्या प्रिय मित्राचा संग्रह ठेवतात.

जानेवारी हळदीकुंकवांत जातो. फेब्रुवारीच्या २७ तारखेला, कुसुमाग्रजांच्या जयंतीला, मराठी भाषा गौरव दिन. त्या दिवशी डोंबिवलीत मराठीचा इतका गौरव होतो की वक्ते कमी पडतात. एकच प्राध्यापक सकाळी शाळेत, दुपारी बँकेत, संध्याकाळी वाचनालयात आणि रात्री सोसायटीत मराठीच्या भवितव्याची चिंता करतो आणि रिक्षावाल्याशी मात्र हिंदीत घासाघीस करतो. याच गावाने ३ ते ५ फेब्रुवारी २०१७ या दिवसांत ९०वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरवलं. आगरी यूथ फोरम यजमान, डॉ. अक्षयकुमार काळे अध्यक्ष, साहित्यनगरीला नाव पु. भा. भाव्यांचं. तीन दिवस सारस्वतांचा मेळा लोटला. इतर गावांना असं संमेलन उरकल्यावर वर्षभर दम लागतो. डोंबिवलीत तिसऱ्या दिवशी समारोप झाला आणि पुढच्या रविवारी नेहमीचे पाच कार्यक्रम होते.

वर्षाचा कळस मात्र गुढीपाडव्याला. नववर्ष स्वागतयात्रा ही कल्पना इथलीच. माजी नगराध्यक्ष आबासाहेब पटवारी यांच्या पुढाकाराने गणेश मंदिर संस्थानाने १९९९ साली पहिली यात्रा काढली. तोवर पाडवा घरातल्या घरात साजरा व्हायचा: गुढी, कडुनिंब, श्रीखंड आणि झोप. डोंबिवलीकरांनी यातली झोप काढून टाकली. पुढे ठाणे, गिरगाव, पार्ले, नाशिक, करत करत अवघ्या महाराष्ट्राने ही यात्रा उचलली आणि आता टीव्हीवर गिरगावच्या बुलेटस्वार नऊवारी दिसल्या की डोंबिवलीतल्या घराघरांत कुणीतरी “सुरुवात आपण केली” असं पडद्याला उद्देशून म्हणतं.

यात्रेच्या तयारीच्या बैठका दोन महिने आधी सुरू होतात. येत्या पाडव्यासाठी एका सोसायटीची पहिली बैठक पार्किंगमध्ये भरली. चित्ररथाचा विषय ‘स्वराज्य’, यावर कुणाचं दुमत नव्हतं. टेम्पो कुणाचा, फुलं कुठली, डिझेलचा खर्च कोण करणार, हेही भराभर ठरलं. गाडी अडली ती पात्रांवर. शिवाजी महाराजांसाठी चार घरांतून चार मुलांची नावं आली. जिजाऊंसाठी तीन. मावळ्यांसाठी एकही नाही.

“चित्ररथावर महाराज चार आणि मावळा एकही नाही, हे बरं दिसणार नाही,” सचिव म्हणाले.

“आमच्या ओमला मागच्या वर्षी झाड केलं होतं,” दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी शांतपणे आठवण करून दिली. “तीन तास उन्हात फांद्या वर करून उभा होता. आम्ही काही बोललो का?”

ते खरं होतं. सगळे गप्प झाले. मग एका जुन्या सभासदांनी तोडगा काढला. महाराज चारही ठेवावेत: एक बालशिवाजी, एक तोरण्यावरचे, एक आग्र्याचे आणि एक राज्याभिषेकाचे. जिजाऊ तीन राहिल्या तरी इतिहासाला बाध येत नाही, तीन वेगवेगळ्या वयांच्या दाखवता येतील. मावळे म्हणून वडीलमंडळींनी उभं राहावं, सगळे रोज दांडा धरून उभे राहतातच. आणि रस्त्याच्या कडेने टाळ्या वाजवायला माणसं हवीत म्हणून शेजारच्या सोसायटीला कळवावं. त्यांच्या मंगळागौरीला आपण सव्वीस जणी गेलो होतो, त्याची नोंद आहे.

ठराव एकमताने मंजूर झाला. सचिवांनी वहीत वडीलमंडळींची नावं उतरवायला घेतली. तिसरं नाव लिहून होतं न होतं तोच मागच्या खुर्चीवरून एकाने घसा साफ करून विचारलं,

“मावळ्याला संवाद आहे का हो?”